मॉन्सून-पूर्वानुमान : भौतिकीय प्रतिमाने व यंत्र-अध्ययन

वातावरण व महासागर यांच्या गतीचे नियम गणिती समीकरणांत मांडून ती संगणकावर सोडविणाऱ्या आणि त्यांवरून पुढील काही दिवसांच्या अथवा महिन्यांच्या हवामानाचे अनुमान काढणाऱ्या रचनेस भौतिकीय प्रतिमान म्हणतात. घडून गेलेल्या हवामानाच्या नोंदींतून संगणकाने स्वतःच संबंध हुडकून काढण्यास यंत्र-अध्ययन किंवा मशीन लर्निंग ही संज्ञा आहे. प्रतिमानातील सर्वांत वेळखाऊ गणितकृत्ये अशा शिकलेल्या रचनेवर सोपवावयाची आणि उरलेली समीकरणांवर ठेवावयाची, ही संमिश्र पद्धती १९९० नंतर हळूहळू व २०१८ नंतर वेगाने पुढे आली. तिच्यामुळे महासंगणकावर तासन्‌तास चालणारी काही गणना मिनिटांत होऊ लागली. पद्धती नवी असली, तरी तिची दोन्ही मुळे भारतीय मॉन्सूनच्या अभ्यासात जुनीच आहेत. नोंदींवरून अनुमान काढण्याची परंपरा येथे १८८०–९० या दशकापासून आहे. समीकरणांवरून अनुमान काढण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. या दोन्ही परंपरांचा पुण्याशी निकटचा संबंध आहे, आणि दोन्हींची खरी परीक्षा विदर्भासारख्या कोरडवाहू मुलखात होते.

यवतमाळ जिल्ह्यातील प्रश्न : यवतमाळ जिल्हा वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान वसला असून त्याचे क्षेत्रफळ सु. १३,५८२ चौ. किमी. आहे. मध्यभागी अजिंठ्याच्या रांगेचे फाटे व पठारी प्रदेश, तर वणीच्या बाजूस वर्धेचे आणि दक्षिणेस पैनगंगेचे सखल खोरे आहे. वार्षिक पर्जन्यमान सु. ९०० ते १,००० मिमी. असून ते सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जाते. त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके असून कापसाखालील बहुतांश जमीन कोरडवाहू आहे.

हे आकडे पाहता जिल्हा अवर्षणप्रवण वाटत नाही आणि रूढ अर्थाने तो तसा नाहीही. येथील अडचण पाऊस किती पडेल यापेक्षा केव्हा पडेल आणि मध्येच केव्हा थांबेल, ही आहे. मृगाच्या पहिल्या सरींवर शेतकऱ्याने सरकी टोबली आणि नंतर पंधरा दिवस उघडीप पडली, तर उगवलेले रोप करपते व दुबार पेरणी करावी लागते. बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. तो बहुधा उसनवारीने होतो. उलट, पावसाची खात्री पटेपर्यंत थांबल्यास हंगाम मागे पडतो आणि बोंडे भरण्याच्या काळात जमिनीतील ओल संपलेली असते. म्हणूनच ७५ ते १०० मिमी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो. सल्ला योग्य आहे. पण तेवढा पाऊस पडल्यावर तो टिकेल की नाही, हे त्यात नाही. ते सांगण्यासाठी दोन ते चार आठवडे आधीचे आणि तालुक्यापर्यंत उतरणारे अनुमान लागते. पूर्वानुमानशास्त्राच्या इतिहासात हीच मजल सर्वांत शेवटी गाठली गेली.

नोंदींवरून अनुमान : भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्यानंतर लगेचच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ पडला व पावसाचे भाकीत ही राज्यकारभाराची गरज बनली. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड (१८३४–९३) यांनी १८८४ मध्ये हिमालयावरील बर्फ व नंतरचा मॉन्सून यांचा व्यस्त संबंध मांडला. १८८६ पासून हंगामी अनुमान नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी अनुमानांचा विस्तार केला. परंतु १८९९ मध्ये पावसाची अपेक्षा चांगली दाखविली गेली आणि प्रत्यक्षात वऱ्हाडासह देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. त्या काळी आजचा यवतमाळ जिल्हा वऱ्हाड प्रांतात वणी या नावाने मोडत असे. त्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले.

१९०४ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) हे वेधशाळांचे महासंचालक झाले. वातावरणविज्ञानाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मॉन्सूनची कारणे समीकरणांनी उलगडण्याचा नाद त्यांनी सोडून दिला आणि जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याचे प्रचंड काम हाती घेतले. त्यासाठी भारतीय गणक-कारकुनांचा ताफा हाताने सहसंबंध गुणांक काढीत असे. १९०९ मध्ये वॉकर यांनी समाश्रयणाचे पहिले सूत्र तयार केले. हिमालयातील बर्फ, दक्षिण अमेरिकेतील वायुदाब, मॉरिशसचा वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस हे त्यातील चार घटक होते. या खटाटोपातूनच पॅसिफिक व हिंदी महासागर यांवरील दाबाचे दोलन, म्हणजे दक्षिणी आंदोलन, त्यांच्या हाती लागले; एल् निनोच्या अभ्यासाचा हा पाया होय. [⟶ मॉन्सून वारे].

वॉकर यांच्या रीतीत आजच्या यंत्र-अध्ययनाचे गुण व दोष बीजरूपाने दिसतात. कारण कळले नाही, तरी संबंध वापरता येतो, हा तिचा गुण. संबंध कालांतराने विरून जातो, हा दोष. त्यांनी निवडलेल्या घटकांपैकी अनेकांचे मॉन्सूनशी असलेले नाते पुढील दशकांत क्षीण झाले व सूत्रे पुनःपुन्हा बदलावी लागली. शिवाय उत्तर मिळे ते विस्तीर्ण प्रदेशाच्या चार महिन्यांच्या एकत्रित पावसाचे. पुसद किंवा वणी येथे पेरणी कोणत्या आठवड्यात करावी, याचे उत्तर त्यात नव्हते आणि असण्याची शक्यताही नव्हती.

१९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर भागातील त्या इमारतीस व परिसरास ‘सिमला ऑफिस’ हे नाव पुणेकरांच्या तोंडी अद्याप आहे. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस हलले, तरी दीर्घ पल्ल्याच्या अनुमानाचे काम पुण्यातच राहिले. १९३२ मध्ये लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी-हवामानशास्त्राची शाखाही पुण्यातच सुरू झाली.

नोंदींवरील परंपरेचा कळस १९८८ मध्ये झाला. वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) व त्यांचे सहकारी यांनी वायुदाब, तापमान, बर्फाच्छादन, एल् निनो इ. १६ घटकांवर आधारलेले प्रतिमान मांडले. गोवारीकर हे मूळचे अवकाशसंशोधन क्षेत्रातले. वॉकर यांच्याप्रमाणेच तेही या विषयात बाहेरून आले. प्रतिमानाने पहिली अनेक वर्षे चांगला निर्वाळा दिला आणि वृत्तपत्रांतून ‘सोळा निकषां’चे कौतुक झाले. तथापि त्या काळात देशभराचा पाऊस बहुतेक वर्षी सामान्याच्या आसपासच राहिला, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या वर्षासाठी प्रतिमान हवे असते, तसे वर्ष पुढे उभे राहिले नव्हते. ते २००२ मध्ये आले. अनुमान सामान्य पावसाचे होते. जुलैत देशात सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस पडला व हंगामाची तूट १९ टक्क्यांवर गेली. पुढील वर्षी निकष बदलून ८ व १० घटकांची प्रतिमाने आणण्यात आली; पण २००४ ची तूटही त्यांना ओळखता आली नाही. २००९ मध्ये २२ टक्के तूट आली, तेव्हाही पूर्वसूचना अशी मिळालीच नव्हती.

मधल्या काळात कृत्रिम चेताजालाचा, म्हणजे न्यूरल नेटवर्कचा, वापर मॉन्सूनसाठी होऊ लागला होता. त्याचा एक प्रयत्न १९९४ मध्ये अर्जेंटिनातील दोन संशोधकांनी केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील साहाय, सोमण व सत्यन यांनी २००० साली केवळ मागील पावसाच्या आकड्यांवर शिकविलेले जाल प्रसिद्ध केले. अशा प्रयत्नांची मूळ मर्यादा साध्या हिशोबात दिसते : हंगामाचा आकडा वर्षाला एकच मिळतो, म्हणून शंभर वर्षांच्या नोंदी ही शिकण्यासाठी शंभरच उदाहरणे होत. शेकडो गुणांक असलेल्या जालाला ती घोकता येतात. त्यांतून नियम शिकता येईलच असे नाही.

समीकरणांवरून अनुमान : नॉर्वेचे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस (१८६२–१९५१) यांनी १९०४ मध्ये दुसरा मार्ग दाखविला. आजच्या वातावरणाची स्थिती अचूक माहीत असेल, तर गती, वस्तुमान व उष्णता यांच्या नियमांवरून उद्याची स्थिती काढता आली पाहिजे, हा त्यांचा विचार. इंग्लंडमधील ल्यूइस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) यांनी तो अंमलात आणून पाहिला. २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन त्यांनी सहा तासांतील दाबाचा बदल हाताने काढला. उत्तर १४५ मिलिबार आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी हे अपयश लपविले नाही. उलट, पृथ्वीचे हवामान वेळेत काढण्यास ६४,००० माणसे एका विशाल सभागृहात बसवून गणित करावे लागेल, असे कल्पनाचित्रही त्यांनी रेखाटले. वॉकर यांचे गणक भारतात सहसंबंध काढीत असताना रिचर्डसन यांच्या मनात हे दुसरे गणक समीकरणे सोडवीत होते. १९५० मध्ये एनिॲक या इलेक्ट्रॉनीय संगणकावर चार्नी, फ्योर्टॉफ्ट व फॉन नॉयमान यांनी पहिले यशस्वी संख्यात्मक अनुमान काढले. चोवीस तासांच्या अनुमानास सु. चोवीस तासच लागले. म्हणजे गणना हवामानाच्या बरोबरीने, पण त्याच्या पुढे न जाता, धावत होती.

गणनेचा वेग हा या शास्त्राचा जन्मापासूनचा अडथळा आहे. प्रतिमानात पृथ्वीचे आवरण चौकटींच्या जालात विभागतात व प्रत्येक चौकटीसाठी वारा, तापमान, दाब, आर्द्रता यांची मूल्ये क्षणाक्षणाने पुढे नेतात. चौकटीची बाजू निम्मी केली, तर तेवढ्याच क्षेत्रात चौपट चौकटी होतात आणि काळाचे टप्पेही निम्म्याने लहान करावे लागतात. म्हणजे काम आठपट होते. यवतमाळ जिल्ह्यावर हे जाल ठेवून पाहिले, तर प्रगतीचे माप कळते. १०० किमी. बाजूच्या जालात सारा जिल्हा जेमतेम दीड चौकटीत मावतो. पुसद व वणी यांत भेद राहत नाही. ३८ किमी.च्या जालात सु. ९, १२ किमी.च्या जालात सु. ९४ आणि ६ किमी.च्या जालात सु. ३७७ चौकटी पडतात.

भारतात या मार्गाची पायाभरणी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या वर उल्लेखिलेल्या संस्थेने केली. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली. १९८८ मध्ये दिल्लीस मध्यम पल्ल्याच्या अनुमानाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन होऊन त्यासाठी अमेरिकेहून क्रे महासंगणक आणण्यात आला. तो मिळविताना आलेल्या निर्बंधांच्या अनुभवातून पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, उभे राहिले. मूळचे अकोला जिल्ह्यातील विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा संगणक तयार झाला. हवामानाने देशाच्या संगणन-उद्योगास चालना दिल्याचे हे उदाहरण बोलके आहे.

२०१२ मध्ये मॉन्सून मिशन सुरू झाले. अमेरिकन केंद्राचे वातावरण व महासागर यांना जोडणारे सीएफएस हे प्रतिमान घेऊन पुण्यातील संशोधकांनी ते मॉन्सूनसाठी सुधारले. ८ जानेवारी २०१८ रोजी पुण्यात ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्यूष’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याच वर्षी १२ किमी. जालावर २१ समांतर अनुमाने काढणारी प्रणाली सुरू झाली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी सु. ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ आला आणि २६ मे २०२५ रोजी ६ किमी. जालाची ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ जाहीर झाली. १२ वरून ६ किमी.वर येण्यास आठपट काम वाढते, हे वर सांगितलेच आहे. प्रत्येक पायरीस नवा महासंगणक व तेवढी वीज लागते.

ढगांची अडचण : एवढे करूनही पाऊस देणारा ढग प्रतिमानात नीट दिसत नाही. जून महिन्यात दारव्हा वा दिग्रस भागावर दुपारी उभा राहणारा गर्जमेघ काही किलोमीटर रुंद असतो, ६ किमी.च्या जालातही तो नीट उमटत नाही. म्हणून अशा ढगांचा एकत्रित परिणाम चौकटीच्या सरासरी मूल्यांवरून अंदाजाने काढावा लागतो. या क्रियेस प्रचलीकरण म्हणतात. अकिओ आराकावा व वेन शुबर्ट यांनी १९७४ मध्ये दिलेली पद्धती यांत प्रसिद्ध आहे. सौर व भौम प्रारण, ढग आणि जमिनीलगतचा विक्षोभ यांची प्रचलीकरणे प्रतिमानाचा बराच वेळ खातात, आणि मॉन्सूनच्या चुकाही बहुतांशी त्यांतच दडलेल्या असतात. प्रत्येक चौकटीच्या आत ढगांचे छोटे प्रतिमान बसविण्याचा उपाय २००१ नंतर पुढे आला. पुण्यातील संशोधकांनी अशा अतिप्रचलीकृत सीएफएस प्रतिमानाने काढलेल्या मॉन्सूनच्या चित्राचे पहिले निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. चित्र अनेक बाबतींत सुधारले. पण गणना इतकी महाग पडते की दैनंदिन अनुमानास ती परवडत नाही.

दोन परंपरांचा संयोग : याच ठिकाणी यंत्र-अध्ययन उपयोगी पडते. महागडे प्रतिमान एकदा पुष्कळ काळ चालवून त्याची आदाने व उत्तरे साठवावयाची आणि त्या जोड्यांवर चेताजाल शिकवावयाचे. शिकविण्यास वेळ लागतो. पण शिकलेल्या जालाला पुढील प्रत्येक उत्तर काही गुणाकार-बेरजांत देता येते. जुन्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी मुखोद्‌गत असलेला मुलगा प्रत्येक वेळी गुणाकार मांडीत नसे, तसेच काहीसे हे आहे. फरक एवढाच की जाल पाढ्यातील दोन ओळींमधल्या संख्येचेही उत्तर अदमासाने देते. पाढ्याच्या पलीकडील संख्या आली, की मात्र त्याच्या उत्तराची खात्री राहत नाही. शंभर वर्षांच्या शंभर उदाहरणांची अडचणही येथे सुटते. भौतिकीय प्रतिमान स्वतःच गुरू होऊन कोट्यवधी उदाहरणे पुरविते.

पहिले प्रयोग प्रारणावर झाले. १९९८ मध्ये फ्रेडरिक शेव्हालिए व सहकारी यांनी दीर्घतरंग प्रारणासाठी जाल वापरले. २००५ मध्ये व्लादिमीर क्रास्नोपोल्स्की व सहकारी यांनी अमेरिकेतील एका वातावरणीय प्रतिमानात दीर्घतरंग प्रारणाची गणना ५० ते ८० पट वेगाने करून दाखविली. २०१८ मध्ये श्टेफान रास्प, मायकेल प्रिचर्ड व पियेर जेंटिन यांनी वरील प्रकारच्या अतिप्रचलीकृत प्रतिमानावर शिकलेले जाल ढगांच्या जागी बसविले व सु. वीसपट वेग मिळविला. अपयशेही याच काळात पुढे आली. स्वतंत्रपणे तपासता अचूक ठरलेले जाल प्रतिमानात बसविल्यावर काही दिवसांतच वारे अनावर होत व गणना कोसळे. जालाची लहानशी चूक प्रतिमानाला अपरिचित स्थितीत ढकलते, त्या स्थितीत जाल आणखी मोठी चूक करते, असे हे चक्र आहे. ऊर्जा व पाणी यांची अक्षय्यता जालाच्या रचनेतच बांधून घेणे आणि जालाला एकटे न शिकविता समीकरणांशी जोडलेल्या अवस्थेत अनेक टप्प्यांच्या चुकीवरून शिकविणे, हे त्यावरील दोन उपाय होत. दुसऱ्या उपायाचे प्रमुख उदाहरण म्हणजे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले न्यूरल-जीसीएम हे प्रतिमान. त्यात मोठ्या प्रमाणावरील वाऱ्यांची गती समीकरणांनी व ढग-प्रारणादी सूक्ष्म क्रिया जालाने काढल्या जातात.

समीकरणे संपूर्ण वगळणारी प्रतिमानेही २०२३ पर्यंत आली. त्यांपैकी ग्राफकास्टला ३९ वर्षांच्या नोंदींवर शिकविण्यास ३२ विशेष प्रक्रियकांवर सु. चार आठवडे लागले. त्यानंतर दहा दिवसांचे जागतिक अनुमान ते मिनिटाच्या आत काढते. यूरोपीय मध्यम पल्ल्याच्या केंद्राने आपले एआयएफएस हे शिकलेले प्रतिमान २५ फेब्रुवारी २०२५ पासून नियमित वापरात आणले. यामुळे भौतिकीय प्रतिमानांचा काळ संपला, असे म्हणण्याची घाई काही ठिकाणी झाली. ती अनाठायी होय. ही प्रतिमाने ज्या ईआरए-५ या नोंदसंग्रहावर शिकतात, तो वेधशाळा, फुगे व उपग्रह यांची निरीक्षणे भौतिकीय प्रतिमानात मिसळूनच तयार केलेला आहे. जेथे वेधशाळा नाहीत तेथील रिकाम्या जागा समीकरणांनीच भरल्या आहेत.

वेगाचा लाभ घाईत उत्तर मिळण्यापेक्षा अनेक उत्तरे मिळण्यात अधिक आहे. सुरुवातीच्या स्थितीतील सूक्ष्म फरक वाढत जाऊन अनुमान बिघडते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखविले. म्हणून किंचित भिन्न स्थितींपासून अनेक अनुमाने काढून त्यांतील किती जुळतात, ते पाहतात. २१ अनुमानांच्या जागी शेकडो काढता आली, तर तिसऱ्या आठवड्यात उघडीप पडण्याची शक्यता किती, हे अधिक विश्वासाने सांगता येते. पेरणीचा निर्णय अशा शक्यतेवरच घ्यावयाचा असतो.

२०२५ चा खरीप : त्या वर्षी मॉन्सून केरळात २४ मे रोजी, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर आधी पोहोचला, २६ मे रोजी तो मुंबईत आला. मुंबईच्या नोंदींत इतके लवकर आगमन पूर्वी नव्हते. त्यानंतर मात्र त्याची वाटचाल थांबली. मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याची उत्तर सीमा मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी खिळून राहिली. आदिलाबाद हे पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळच्या दक्षिण सीमेला लागून असलेल्या जिल्ह्याचे ठिकाण आहे. मॉन्सून नदीपल्याड येऊन उभा होता आणि अलीकडे पेरावे की थांबावे, हा प्रश्न होता. मेमधील पावसाने जमीन भिजली असल्याने मोह मोठा होता.

त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सु. ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मॉन्सूनच्या स्थानिक आगमनाचे अनुमान भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने, काही ठिकाणी चार आठवडे आधी, पाठविले. न्यूरल-जीसीएम व एआयएफएस यांची उत्तरे हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पर्जन्य-नोंदींशी जोडून ते तयार केले होते. जूनमधील खंड त्यात आधीच दिसला होता. ब्लॅनफर्ड-वॉकर यांच्या परंपरेतील जुन्या नोंदी, समीकरणे आणि चेताजाल ही तिन्ही एकाच अनुमानात आल्याचे व ते शेतकऱ्याच्या हाती गेल्याचे हे भारतातील पहिले मोठे उदाहरण होय.

मर्यादा : एका हंगामाच्या यशावरून पद्धतीची पारख होत नाही, गोवारीकर प्रतिमानाचा इतिहास त्यास साक्ष आहे. शिकलेली प्रतिमाने सरासरीकडे झुकतात व टोकाचा पाऊस कमी दाखवितात, असे अनेक परीक्षणांत आढळले आहे. २२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ शहर व महागाव तालुका यांत अतिवृष्टी झाली. आनंदनगर तांडा येथील लोक पुराने वेढले गेले व बचावासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर हवाई दलाचीही मदत मागवावी लागली. असा दिवस जुन्या नोंदींत क्वचितच असतो. आणि जे उदाहरणांत नाही ते शिकलेल्या जालाकडून मिळण्याची आशा थोडी. तापमानवाढीमुळे असे दिवस वाढत असताना ही उणीव अधिक जाचक ठरते. समीकरणांना ही अडचण नाही, कारण न घडलेल्या स्थितीतही भौतिकीचे नियम तेच राहतात. संमिश्र पद्धतीचा आग्रह धरला जातो तो मुख्यतः याच कारणाने.

दुसरी मर्यादा मोजमापाची आहे. हवामान खात्याच्या पुणे येथील शाखेने देशातील ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस सु. २५ किमी.च्या जालावर तयार केला असून यंत्र-अध्ययनासाठी तो बहुमोल ठरला आहे. स्थूल जालावरील पावसावरून अशा सूक्ष्म जालावरील पाऊस काढण्यास चेताजाल शिकविण्याचे प्रयोग पुण्याच्या संस्थेत २०२१ पर्यंत झाले. परंतु २५ किमी.च्या जालात यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्यास सु. २२ चौकटी येतात. त्याहून खाली, महसूल मंडळापर्यंत उतरावयाचे, तर तेथील मोजलेला पाऊस हवा. राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाखाली स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्याचे काम २०१७ पासून झाले. त्यांची नोंद अजून दहा वर्षांचीही नाही. यवतमाळच्या पूर्व व पश्चिम भागांतील पावसाचा फरक चेताजालाला शिकवावयाचा, तो तूर्त एवढ्याच नोंदींवर.